आठ सीटवाली

आरटीओच्या साहेबांनी व्हॅनचा डावा दरवाजा सरकवला, आत वाकून बोटानं सीट मोजल्या आणि हातातल्या आरसीकडे पाहिलं. आरसीत आठ, गाडीतही आठ. २०२४च्या नोव्हेंबरातली गोष्ट, व्हॅनला तेव्हा पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती. “समोरासमोरची बाकं अजून ठेवलीत?” एवढं एकच त्यांनी विचारलं. मग ब्रेक बघितले, दिवे-इंडिकेटर लावून बघायला सांगितले आणि सही केली.

तिथं रांगेत मागे गाड्या होत्या, म्हणून मी नुसतं “हो” म्हणाले. खरं उत्तर लांबलचक आहे, ते आज लिहिते.

आमची मारुती ओम्नी १९९९ची, ई मॉडेल, पांढरी. १९८४ साली ही गाडी आली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं, ओम्नी हे नाव १९८८ला लागलं. चिपळुणात मात्र आजही कुणी ओम्नी म्हणत नाही. व्हॅनच. मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिनच हिच्यात पुढच्या सीटखाली बसवलेलं. गिअर चार. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. बाहेरून पाहिलं तर सगळ्या व्हॅन एकसारख्या दिसतात, आणि इथंच लोक फसतात. फरक आत आहे.

पाच सीटवाली व्हॅन म्हणजे पुढं दोघं, मागं तिघांचं एक बाक आणि त्याच्या मागं सामानाला ऐसपैस जागा. डॉक्टर, कापडवाले, फोटोग्राफर यांच्याकडे ही जास्त असायची. आठ सीटवाली ई, ती १९९६ला आली. हिच्यात मागं तीन-तीन जणांची दोन बाकं, आणि मधलं बाक उलटं, मागं तोंड करून. म्हणजे मधल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर. सामानाला जागा जवळजवळ नाहीच, टपावर कॅरिअर लावावाच लागतो. १९९९ला उंच टपाची एक्सएल आली. पुढं २००३ला कंपनीतूनच एलपीजी बसवलेली आली आणि २००४ला एलपीजीवरची कार्गो, तिच्यात मागं माणसांची सोयच नाही. अँब्युलन्स वेगळी. एकाच पत्र्याच्या डब्याचे इतके प्रकार, आणि कुठला घेतला त्यावर घरात ती गाडी काय होणार हे ठरायचं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. सासूबाईंना कळलं होतं.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासरे, म्हणजे बाबा, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते आणि आलेल्या पैशातून त्यांना घरासाठी गाडी घ्यायची होती. कोल्हापूरच्या शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. तिथला मुलगा पाच सीटवाली घ्या म्हणत होता, ती नंतर विकायला सोपी जाते म्हणून. बाबांचाही कल तिकडेच, कारण वजन कमी आणि घाट चढायचा. आईंनी दोन्हींत बसून पाहिलं. आठ सीटवालीच्या शेवटच्या बाकावर डाव्या खिडकीशी बसल्या, मला समोरच्या उलट्या बाकावर बसायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “ही घ्या. मला कुणाच्या तरी मानेकडे बघत कराडपर्यंत जायचं नाही.”

माझं माहेर कराडचं. चिपळूणहून पोफळी, मग कुंभार्ली घाट, वर हेळवाक, कोयनानगर, पाटण आणि कराड. हा रस्ता या व्हॅननं किती वेळा केला असेल त्याची मोजदाद बाबांच्या वहीत आहे.

वहीबद्दल सांगायलाच हवं. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर बाबांच्या सुबक अक्षरात गाडी घेतल्याची तारीख, आणि त्याखाली ओळी आखून रकाने: तारीख, किलोमीटर, काम, खर्च. ‘ऑइल बदलले.’ ‘पंख्याचा पट्टा बदलला.’ ‘उजव्या दरवाज्याचा रूळ साफ केला.’ त्यांनी आयुष्यभर डेपोत एसटीच्या गाड्यांचं असंच लिहिलं होतं, घरच्या गाडीला वेगळा न्याय नव्हता. आता तिसरी वही चालू आहे आणि अक्षर माझं आहे.

गाडी मला बाबांनीच शिकवली, २००१ साली, पवन तलावाच्या मैदानावर. धाकटी सून गाडी शिकते म्हणून आळीत दोन दिवस चर्चा झाली, पण बाबांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. व्हॅनला बॉनेट नाही, पुढची चाकं आपल्या सीटखाली येतात, त्यामुळे वळण आलं की लगेच वळवायची नसते. आपण वळणाच्या जरा पुढं गेलोय असं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग स्टिअरिंग फिरवायचं. “तुझे गुडघे कोपऱ्याच्या पुढं गेले की वळव,” असं ते म्हणायचे. ज्यांना मी नंतर ही गाडी शिकवली, त्यांनाही मी हेच सांगितलं.

दुसरं शिकवलं ते ऐकायला. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली की एक प्लग ठिणगी टाकत नाही आणि गाडी तिनाऐवजी दोन सिलिंडरवर चालते. आवाज बदलतो, सीट थरथरते. बाबा ओटीवर चहा पीत बसलेले असले तरी ओरडायचे, “दोनावर चाललीय!” मग पुढची सीट उचलायची, टोपी काढायची, कोरड्या सुती फडक्यानं आतून पुसायची, वायरी एकेक काढून पुसायच्या. पाच मिनिटांचं काम. जुन्या धोतराचं एक फडकं कायम सीटखाली असायचं. धोतर जाऊन आता ओढणीचं फडकं आहे.

घाटातला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. २००७चा मे महिना. कराडला जात होतो, गाडीत आम्ही पाच जण, पोफळी मागं टाकून घाट निम्मा चढलेला. दुसऱ्या गिअरवर इंजिन घुमत होतं, सीट खालून चांगली तापली होती. एका वळणावर गिअर टाकायला क्लच दाबला आणि पेडल तसंच खाली जाऊन पडून राहिलं. केबल तुटली होती.

जरा सपाटी होती तिथं मी गाडी बंद करून थांबवली. मुलींना कठड्याच्या आत उभं केलं, मागच्या चाकांना दगड लावले. मला वाटलं, आता वरून एखादा ट्रक थांबवायचा. बाबा म्हणाले, “कशाला? क्लच नसला म्हणून गाडी चालायची थांबत नाही. सगळ्यांना बसव. पहिला गिअर टाक, गाडी बंदच ठेव. आता किल्ली फिरव आणि धरून ठेव.” मी किल्ली फिरवली. स्टार्टरनं अख्खी व्हॅन हिसके देत पुढं ओढली, तीन-चार हिसक्यांत इंजिन लागलं आणि गाडी चालू लागली. दगड मागंच राहिले. पुढं रस्ता थोडा मोकळा दिसल्यावर बाबांनी शेजारच्या सीटवरून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. “मी म्हणेन तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ. आत्ता.” मी पाय काढला, त्यांनी दांडा हलक्या हातानं मागं ओढला. पहिल्यातून न्यूट्रल, क्षणभर थांबून दुसरा. जरासुद्धा करकर नाही. तसंच हेळवाकपर्यंत गेलो, पाय माझा आणि हात त्यांचा. वर मिस्त्रीकडे केबल मिळाली. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: ‘क्लच केबल. घाटात.’

तेव्हापासून एक जादा क्लच केबल आणि एक अ‍ॅक्सिलरेटरची केबल गाडीत असते. जुनी व्हॅन ठेवणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन.

समोरासमोरच्या बाकांचा त्रासही आहे, तो लपवत नाही. उलटं बसून घाटात पोटात ढवळतं. आमच्या घरात कोण उलटं बसू शकतो आणि कोण नाही हे सगळ्यांना पाठ होतं. मी आणि दीर उलटे, जाऊबाई आणि मुलं सुलटी, आई नेहमीच्या डाव्या खिडकीशी, मांडीवर आवळासुपारीचा डबा. पण त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत जे चालायचं ते दुसऱ्या कुठल्या गाडीत चालताना मी पाहिलं नाही. पत्ते, भेंड्या, शेंगा सोलणं, एकीच्या पायावर दुसरीचं डोकं. माझ्या आणि जाऊबाईंच्या एका भांडणाचा निकाल पाटणच्या अलीकडे लागला, कारण तोंड फिरवायला जागाच नव्हती. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणताना दीर उलट्या बाकावर बसून मूर्ती मांडीवर धरायचे आणि समोरून दोघं पाटाला हात लावायचे. सरकता दरवाजा आणि बसकी जमीन, त्यामुळे मूर्ती कधी तिरकी करावी लागली नाही.

आणि फळी. गाडी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाबांनी सुताराकडून फणसाची एक फळी करून घेतली, दोन बाकांच्या मधल्या फटीवर बरोब्बर बसेल अशी. खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या, घसरू नये म्हणून. फळी टाकून वर गोधडी अंथरली की दोन बाकांचा मिळून पलंग व्हायचा. माझ्या दोन्ही मुली आणि जाऊबाईंचा मुलगा त्या फळीवर झोपत मोठे झाले. एरवी फळी उभी करून मागच्या दाराला टेकवून ठेवायची.

२०१६च्या फेब्रुवारीत बाबांना कराडला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं. अँब्युलन्स सांगितली होती, पण बाबा म्हणाले, “आपल्या गाडीतून जाऊ.” फळी टाकली, दोन गोधड्या अंथरल्या. पाय पोटाशी घेऊन, कुशीवर ते झोपले, आई डोक्याशी बसल्या. मी चालवत होते. घाटात दुसऱ्या गिअरवर असताना मागून त्यांचा आवाज आला, “पंखा लागला का बघ. काटा वर जाईल.” मी तापमानाचा काटा बघितला, ठीक होता, तसं त्यांना सांगितलं. ते परत गाडीतून आले नाहीत. त्यांच्या वहीचं पान अर्धं रिकामं होतं, त्याच पानावर पुढची ओळ मी लिहिली.

मग २०२१चा पूर. २१ जुलैची रात्र, पाऊस थांबेना, २२ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी आळीत शिरलं. २००५च्या पुरात आम्ही व्हॅन वेळेत वर नेली होती. या वेळी तेवढी सवडच मिळाली नाही, आईंना आणि सामानाला माडीवर घेईपर्यंत अंगणात कंबरभर पाणी झालं. सकाळी माडीच्या खिडकीतून मला व्हॅनचं फक्त टप आणि काचांचा वरचा भाग दिसत होता.

पाणी उतरल्यावर दरवाजा सरकेना. रुळात गाळ भरलेला. खुरपं, बादलीनं पाणी, पुन्हा खुरपं, तासाभरानं उघडला. आत वीतभर लाल-काळा चिखल, बाकांचा फोम पाण्यानं फुगून रेक्झिन उसवलेलं. मी एकच गोष्ट नक्की केली, ती म्हणजे कुणालाही किल्ली लावू दिली नाही. पाणी गेलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की होतं ते नुकसान आधीच्यापेक्षा मोठं असतं, हे बाबांचं वाक्य. बॅटरी काढली. तिन्ही प्लग काढले. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल सोडलं, ते दुधाळ चहासारखं आलं. नवं ऑइल भरून, प्लगविना इंजिन हातानं फिरवलं, प्लगच्या भोकांतून पाणी उडालं. पुन्हा ऑइल सोडलं, पुन्हा भरलं. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला. स्टार्टर मात्र गेला, तो नवा घेतला. विसाव्या दिवशी गाडी लागली. विमा नुसता थर्ड पार्टी होता, त्यामुळे सगळा खर्च घरचा.

फळी गोठ्याच्या मागं केळीच्या बुंध्यात अडकलेली सापडली. धुतली, सावलीत वाळवली. वाकलीसुद्धा नाही.

प्रश्न बाकांचा होता. कुशनवाला म्हणाला, पाच सीटवालीचं एक बाक भंगारातून मिळतंय, पुढं तोंड करून बसवून देतो, मागं सामानाला जागा होईल, स्वस्तात पडेल. घरात बहुतेकांना ते पटलं होतं. आता एवढी माणसं असतात कुठं? मुली पुण्यात, दिरांनी २०१८ला सात सीटची ईको घेतलेली. ईको चांगली गाडी आहे, बाराशे सीसीचं इंजिन, कुंभार्ली तिसऱ्या गिअरवर चढते. पण तिच्यात सगळे पुढं बघून बसतात, आणि मागच्या बाकावरून काही सांगायचं तर ओरडावं लागतं.

मी नको म्हणाले. एक तर आरसीत आठ सीट आहेत, बाकं बदलली की आरटीओत बदलाची नोंद करावी लागते. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे फळी त्या दोन बाकांच्या मापाची होती, आणि आई तेव्हा हयात होत्या. कुशनवाल्याला मी जुन्या बाकांचे सांगाडे दिले. खालचे पाइप गंजून कागद झाले होते, ते कापून नवे वेल्डिंग केले, मोजमाप जसंच्या तसं. नवा फोम, तपकिरी रेक्झिन, कारण मूळचं तसंच होतं. बावीस हजार झाले. व्हॅन विकली असती तर जेमतेम तेवढेच आले असते. पुढची तीन वर्षं आई त्याच डाव्या खिडकीशी बसल्या.

कोकणात जुनी गाडी ठेवायची तर शत्रू इंजिन नाही, गंज. इंजिनाच्या रिंगा एकदाच बदलल्या, एक लाख चाळीस हजार किलोमीटरवर. पत्र्याचं काम मात्र पाच वेळा झालंय. पाणी साचतं ते रबरी मॅटखाली, सरकत्या दरवाज्याच्या उंबऱ्याशी. म्हणून मे संपायच्या आत मॅट काढून माडीवर टाकायची आणि दिवाळीपर्यंत आत आणायची नाही, नुसतं गोणपाट अंथरायचं. दरवाज्याच्या रुळाला जाड ग्रीस लावू नका, आमची तांबडी धूळ त्यात बसते आणि रोलर झिजतात. ब्रशनं रूळ झाडायचा आणि पातळ तेलाचे दोन थेंब, बस. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत आल्यापासून मी पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलून घेतल्या, जुन्या कडक होऊन चिरल्या होत्या. सुटे भाग अजून मिळतात. २०१९ला ओम्नी बंद झाली तरी रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत.

ती बंद का झाली हेही मान्य करायला हवं. चालवणाऱ्याच्या पायांपुढं पत्रा आणि काच याशिवाय काही नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आमच्या मागच्या बाकांना पट्टेही नाहीत. हायवे रुंद झाला, गाड्या जोरात धावायला लागल्या, तेव्हापासून मी व्हॅन परशुराम घाटाकडे नेत नाही. लहान मुलांना घेऊन लांब जायचं असेल तर दिरांची ईको मागते. गावात, शिरगावपर्यंत, बाजाराला, आणि वर्षातून दोनदा हळूहळू कुंभार्ली चढून कराडला, एवढंच आता तिचं काम. पन्नासच्या वर काटा जाऊ देत नाही.

१५ वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते. २०१४, २०१९ आणि आता २०२४. एप्रिल २०२२च्या आधी ६०० रुपये असलेली फी २०२४ला ५,००० होती, वर पर्यावरण कर. नव्या नंबरप्लेटचे ७४५ आणि त्यावरचा जीएसटी. घरात कुणी खर्चाचं विचारलं तर मी वही दाखवते, सगळं लिहिलेलं आहे.

आईंना जाऊन आता वर्ष होईल. डाव्या खिडकीशी मोठी मुलगी बसते, पुण्याहून आली की. गणपतीला आली तेव्हा तिनं तिच्या दीड वर्षाच्या लेकाला फळीवर झोपवलं होतं, गाडी अंगणात उभी असतानाच. घरात पाहुण्यांचा गलबला होता आणि त्याला तिथं लगेच झोप लागली.

सध्या डाव्या दरवाज्याचा खालचा रोलर झिजलाय, सरकवताना दरवाजा मधेच खाली बसतो आणि उचलून ढकलावा लागतो. रोलर कराडला सांगितलाय, पुढच्या गुरुवारी एसटीनं येईल. तोवर उजव्या बाजूनं बसा असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.